छोट्या शिडाच्या बोटीसाठी पंखा निवडताना

बोटीचा प्रोपेलर, म्हणजे पाण्याखाली फिरून बोट ढकलणारा पंखा, बदलायचं ठरल्यापासून नवा प्रोपेलर पाण्यात फिरेपर्यंत जवळजवळ आठ महिने गेले. त्यातलं हाताने करायचं काम फार नव्हतं. वेळ गेला तो मोजमापं घेण्यात, पत्रव्यवहारात आणि वाट बघण्यात. सुरुवातीला मला यातलं काहीच कळत नव्हतं आणि ज्याला विचारावं तो वेगळाच आकडा सांगत होता. जुनी बोट घेऊन याच जागी अडकलेल्या कुणाला तरी उपयोग होईल, म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

आम्ही दोघं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, पोर्ट्समथजवळ राहतो. 2023 च्या मार्चमध्ये आम्ही वेस्टर्ली सेंटॉर नावाच्या बनावटीची एक जुनी शिडाची बोट घेतली. 26 फुटी, फायबरग्लासची, 1976 सालची. तळाला दोन बाजूंना दोन किल, म्हणजे खाली उतरलेले जड फाळ, असल्यामुळे ओहोटीला पाणी गेलं की ती कलंडत नाही, सरळ उभी राहते. ही बोट चपळ नाही, पण भक्कम आहे आणि आत उभं राहता येतं. मूळचं व्होल्वो इंजिन काढून आधीच्या कुठल्या तरी मालकाने यान्मारचं दोन सिलिंडरचं 2 जीएम 20 हे डिझेल इंजिन बसवलं होतं. प्रोपेलर मात्र तोच जुना होता. त्याचा अर्थ काय, हे मला सप्टेंबरपर्यंत कळलं नव्हतं.

पोर्ट्समथ बंदराचं तोंड अरुंद आहे. आत पसरलेलं सगळं पाणी त्याच चिंचोळ्या वाटेने आतबाहेर करतं, त्यामुळे उधाणाच्या ओहोटीत तिथला प्रवाह चार नॉटच्याही (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) वर जातो. युद्धनौका आणि मोठ्या फेरीबोटी याच तोंडातून जातात. म्हणून 20 मीटरहून लहान आणि इंजिन असलेल्या बोटींनी गॉस्पोर्टच्या बाजूच्या ‘स्मॉल बोट चॅनल’मधून, आणि तेही इंजिनवरच जायचं, असा बंदराचा नियम आहे. तिथे इंजिनात दम असावाच लागतो.

2 सप्टेंबरला, नारळी पौर्णिमा नुकतीच होऊन गेलेली, म्हणजे भर उधाण, आम्ही वाइट बेटाकडून परतत होतो. वारा पडल्यामुळे उशीर झाला आणि तोंडाशी पोचेपर्यंत ओहोटी जोरात लागली होती. थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलला तरी तोंडाशी असलेल्या फोर्ट ब्लॉकहाउस किल्ल्याची भिंत शेजारून सरकेना. इंजिनाचा आवाज जड, दबलेला येत होता. मागे बघितलं तर एक्झॉस्टमधून काळा धूर निघत होता आणि पांढऱ्या रंगावर काजळीचा हातभर पट्टा उमटला होता. शेवटी इंचाइंचाने आत आलो, पण माझ्या पोटात गोळा आला होता तो बोट मूरिंगला, म्हणजे तिच्या नेहमीच्या जागी, बांधेपर्यंत गेला नाही.

इंजिनाच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की हे इंजिन पूर्ण थ्रॉटलला मिनिटाला 3600 फेऱ्यांपर्यंत जायला हवं. आमचं 2800 च्या पुढे जात नव्हतं, आणि तेही डॅशबोर्डवरच्या काट्याप्रमाणे. तो काटा खरा आहे की नाही हे आधी बघायला हवं होतं. 19 पौंडांचा फेऱ्या मोजणारा एक हातात धरायचा टॅकोमीटर मागवला. इंजिनाच्या पुलीवर चकाकत्या पट्टीचा छोटा तुकडा चिकटवायचा आणि त्यावर किरण टाकायचा, की खरा आकडा मिळतो. खरा आकडा निघाला 2650. कुठलाही प्रोपेलर मागवण्याआधी हे जरूर करा. चुकीच्या काट्यावर विसंबून केलेलं गणित सगळंच चुकतं.

त्या आठवड्यात रत्नागिरीला दादाशी, म्हणजे माझ्या आतेभावाशी, बोलणं झालं. त्याचा मिरकरवाड्याला ट्रॉलर आहे. मी धुराबद्दल सांगितलं तसं त्याने पहिलं विचारलं, “बूड साफ केलंस काय गो?” मग म्हणाला, “शेवाळ धरलं असेल तरी इंजिन असंच धापतं. आधी बूड घास, मग पंख्याला दोष दे.” त्याच्याकडे प्रोपेलरला पंखाच म्हणतात आणि मलाही तोच शब्द बरा वाटतो, म्हणून पुढे तोच वापरते.

30 सप्टेंबरला पुन्हा पौर्णिमेचं उधाण होतं. पोर्ट्समथला उधाणाची भरती दुपारच्या सुमारास येते. शिवाय इथलं पाणी चढायला जवळजवळ सात तास घेतं, पण उतरतं पाचेक तासांत. त्यामुळे भरतीला बोट खडीच्या टणक जागेवर नेली की दुपारी चारच्या आत ती कोरडी उभी राहते आणि उजेडात काम करता येतं. क्रेनचा खर्च वाचतो. जागा मात्र आदल्या ओहोटीला चालत जाऊन बघून ठेवा. मऊ चिखलात किल रुतले तर पंखाही चिखलात जातो आणि मग मोजणार काय?

पंख्यावर बार्नकलचा, म्हणजे बुडाला चिकटणाऱ्या टणक कवचाच्या जीवांचा, थर होता. तो खरवडल्यावर मधल्या बोंडावर ठोकलेले आकडे दिसले: 15 × 12, आर एच. पंख्याची भाषा एवढीच असते. पहिला आकडा व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. पिच म्हणजे घन पदार्थात स्क्रू फिरावा तसा पंखा एका फेरीत किती पुढे गेला असता ते अंतर. आर एच म्हणजे उजवा. बोटीच्या मागे उभं राहून बघितलं तर पुढे जाताना घड्याळाच्या दिशेने फिरणारा. दोन पाती होती आणि पात्यांच्या टोकापासून तळापर्यंत जेमतेम बोटभर फट. ही फट व्यासाच्या दहा ते पंधरा टक्के तरी हवी असते. ती कमी पडली की प्रत्येक पातं जवळून जाताना तळावर पाण्याचा तडाखा बसतो. आमच्या केबिनमध्ये सतत जी घरघर यायची तिचं मूळ इथे होतं.

बूड साफ करून पुन्हा चाचणी घेतली तर 2750 पर्यंत गेलं. शंभर फेऱ्या शेवाळाच्या होत्या, पण उरलेल्या साडेआठशे पंख्याच्याच. सायकल सगळ्यात जड गिअरला टाकून घाट चढायला लावावं, तसं त्या इंजिनाचं चाललं होतं. डिझेल इंजिनाची ताकद फेऱ्यांसोबत वाढते. पंख्याने त्याला फिरूच दिलं नाही तर कागदावरचे 18 अश्वशक्ती कागदावरच राहतात, आणि आत टाकलेलं डिझेल पुरतं न जळता काळं बाहेर येतं. असं वर्षानुवर्षं चालवलं तर व्हॉल्व्ह आणि एक्झॉस्टची वाट लागते.

मग आकडेमोड. ती अवघड नाही, म्हणून इथे करून दाखवते. पाण्याच्या रेषेवर बोटीची लांबी 21.3 फूट. तिचं वर्गमूळ काढून 1.34 ने गुणलं की अशा बोटीचा जास्तीत जास्त व्यवहार्य वेग मिळतो: 6.2 नॉट. त्याहून जास्त वेगाच्या मागे लागण्यात अर्थ नाही, बोट स्वतःच्याच लाटेत अडकते. गिअरबॉक्सच्या पट्टीवर 2.62 हा आकडा कोरलेला होता, म्हणजे इंजिनाच्या 2.62 फेऱ्यांना शाफ्टची (पंखा फिरवणाऱ्या दांड्याची) एक, आणि 3600 फेऱ्यांना साधारण 1374. पाणी घन नसल्यामुळे पंखा घसरतो, आणि जड, संथ बोटींत ही घसरण 45 टक्क्यांच्या आसपास धरतात. हे सगळं धरून 6.2 नॉटसाठी पिच दहा इंचांच्या जवळ आलं. व्यास अश्वशक्ती आणि फेऱ्यांच्या सूत्रातून साडेचौदाच्या आसपास आला, दोन पात्यांपेक्षा तीन पाती घेतली तर थोडा कमी. म्हणजे आमचा पंखा तीन पाती आणि साधारण 14 × 9 किंवा 14 × 10. आपण वापरत होतो 15 × 12! व्यासातला एक इंच पिचच्या दोन-तीन इंचांइतका भार टाकतो हे कळल्यावर तर त्या जुन्या पंख्याखाली 2750 तरी कसे निघाले याचंच आश्चर्य वाटलं. गिअरबॉक्सची पट्टी वाचायला आरसा आणि टॉर्च लागतात. तिथपर्यंत डोकं जात नाही, फोन आत घालून फोटो काढणं सोपं.

ऑक्टोबरच्या मध्यावर बोट हिवाळ्यासाठी क्रेनने यार्डात काढली. उचलणं, प्रेशर वॉशरने धुणं आणि एप्रिलमध्ये परत पाण्यात सोडणं मिळून 390 पौंड. त्याच वेळी विमा कंपनीने सर्व्हे मागितला. जुन्या बोटींना इथे दर काही वर्षांनी पाण्याबाहेरचा सर्व्हे लागतो. त्याचे 540 पौंड गेले आणि तेव्हा ते जिवावर आले होते. पण त्या सर्व्हेअरने पंख्यापाशी जे केलं ते बघण्यासारखं होतं. खिशातून छोटी हातोडी काढून त्याने एका पात्यावर हलकेच टिचकी मारली. घंटेसारखा नाद यायला हवा होता, आला ठक्क असा मेलेला आवाज. मग पात्याची कड चाकूने खरवडली. आत पिवळाधमक धातू दिसायला हवा होता, तो गुलाबी दिसला. बोटींचे पंखे ज्या ‘मँगनीज ब्राँझ’चे असतात ते खरं तर पितळच आहे, त्यात बरंच जस्त असतं. खाऱ्या पाण्यात विजेच्या सूक्ष्म प्रवाहाने ते जस्त निघून जातं आणि मागे तांब्याचा ठिसूळ, सच्छिद्र सांगाडा उरतो.

असं होऊ नये म्हणून तळाला जस्ताचा अ‍ॅनोड लावलेला असतो, जो पंख्याच्या आधी स्वतः झिजतो. आमचा अ‍ॅनोड जवळजवळ नवाकोरा दिसत होता. सर्व्हेअरने मल्टिमीटरची एक तार अ‍ॅनोडला आणि दुसरी पंख्याला लावली. रोध जवळजवळ शून्य यायला हवा होता, पण जोडणीच नव्हती. इंजिन बदलताना शाफ्टला रबरी कपलिंग बसवलं होतं आणि रबरातून वीज जात नाही. त्या कपलिंगला ओलांडून जाणारी छोटी तांब्याची पट्टी असावी लागते, ती कुणी लावलीच नव्हती. न झिजणारा अ‍ॅनोड दिसला की खूश होऊ नका, आधी मल्टिमीटर लावा.

अहवालात लिहून आलं: पंखा बदलल्याशिवाय बोट पाण्यात सोडू नये, आणि बदलल्याचं बिल व फोटो विमा कंपनीला पाठवावेत. आता निवडणं भागच होतं.

इथे सगळ्यात जास्त मतं मिळतात. शिडावर जाताना न फिरणारा पंखा पाण्यात अडथळा होतो. तीन पात्यांचा साधा पंखा अर्धा नॉट सहज खातो, मंद वाऱ्यात त्याहूनही जास्त. म्हणून मिटणारे पंखे असतात, ज्यांची पाती पाण्याच्या दाबाने मागे घडी होतात. पाती प्रवाहाच्या रेषेत वळवून घेणारेही असतात. आम्हाला आलेल्या भावांत मिटणारा हजार पौंडांच्या आसपास होता, वळणारा दीड हजारांच्या वर, आणि साधा तीन पात्यांचा चारशेच्या आत. नवऱ्याचा जीव मिटणाऱ्यावर होता. त्याला शिडावरचा वेग महत्त्वाचा वाटतो आणि त्यात चूक काही नाही. माझं म्हणणं वेगळं होतं. ही बोट शर्यतीची नाही. आम्हाला अडतं ते बंदराच्या तोंडाशी आणि धक्क्याला लावताना, जिथे मागे घेतल्यावर बोट थांबली पाहिजे, आणि मागच्या दिशेला मिटणारा पंखा तितका जोर धरत नाही. शिवाय फेअरहॅमच्या खाडीत आमचं मूरिंग ओहोटीला कोरडं पडतं. चिखल आणि बार्नकलमध्ये सांधे आणि दातेरी चाकं जितकी कमी तितकं बरं. बरीच चर्चा होऊन साधा, तीन पात्यांचा ठरला. वर्षभर खोल पाण्यात मरिनात राहणारी, हलकी, पळणारी बोट असती तर मीही मिटणाराच घेतला असता.

अडथळ्याबद्दल एक उपयोगी गोष्ट याच वेळी वाचनात आली. ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातल्या 2008 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, मोकळा फिरणारा पंखा अडवून धरलेल्या पंख्यापेक्षा कमी ओढ देतो असं दिसलं. मोकळा सोडायचा की नाही ते मात्र गिअरबॉक्सच्या कंपनीला विचारून ठरवा. यान्मारची सूचना शिडावर असताना गिअर न्यूट्रलला ठेवण्याची आहे.

नोव्हेंबरमध्ये दोन विक्रेत्यांना एकाच दिवशी तेच आकडे पाठवले. एकाने 14 × 10 सांगितला, दुसऱ्याने 14 × 9. पिचमधल्या एका इंचाने दीडशे-दोनशे फेऱ्यांचा फरक पडतो. मी 9 घेतला. बोटीत पाणी, डिझेल, नांगराची साखळी, दोघांचं सामान भरलं आणि सीझनच्या शेवटी बुडाला शेवाळ धरलं की भार वाढतोच. पंखा किंचित हलका असेल तर इंजिन तरी मोकळं राहतं.

ऑर्डरच्या फॉर्ममध्ये शाफ्टचं निमुळतेपण विचारतात आणि तिथेच बहुतेक घोळ होतात. शाफ्टचं टोक शंकूसारखं बारीक होत जातं आणि पंखा त्यावर घट्ट बसतो. हल्लीच्या आंतरराष्ट्रीय मापात दहा मिलिमीटर लांबीला एक मिलिमीटर व्यास कमी होतो, जुन्या ब्रिटिश बोटींत बाराला एक, अमेरिकन बोटींत सोळाला एक. डोळ्याला यातला फरक दिसत नाही. आधी जुना पंखा काढावा लागला. यार्डातून 25 पौंडांना पुलर, म्हणजे पंखा ओढून काढायचं अवजार, भाड्याने घेतला, बोंड हॉट एअर गनने तापवलं आणि पुलर आवळत गेलो. नट पूर्ण काढायचा नाही, दोन आटे सोडून ठेवायचा, नाहीतर सुटताना पंखा अंगावर उडतो. सुटला तेव्हा बंदुकीसारखा आवाज झाला आणि शेजारच्या बोटीवरचे आजोबा शिडी उतरून विचारायला आले. शाफ्टच्या टोकावर हातोडा मात्र कुणी कितीही सांगितलं तरी मारू नका, तो मार सरळ गिअरबॉक्सला बसतो.

व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) लावून मोजलं: 60 मिलिमीटर लांबीत बरोबर 5 मिलिमीटर बारीक. म्हणजे बाराला एक. शाफ्ट एक इंची, 25.4 मिलिमीटर, आणि 25 नव्हे. हे सगळं हाताने काढलेल्या आकृतीसह, तारीख आणि सही घालून पाठवलं. पंखा व्हॅट धरून 372 पौंड, कुरिअरचे 18.

तीन आठवडे सांगितले होते. नाताळ मध्ये आल्यामुळे पार्सल जानेवारीच्या मध्यावर मिळालं. शाफ्टवर चढवून बघितला तर डुगडुगला, कारण भोक दहाला एकच्या मापाने घेतलं होतं. आकृतीची प्रत माझ्याकडे होती, ती ईमेलला जोडून पाठवली. त्यांनी वाद न घालता परत नेला आणि नवा पाठवला, पण फेब्रुवारी उजाडला. सहीच्या आकृतीची प्रत जपून ठेवा एवढंच सांगते.

मार्चमधल्या एका कोरड्या दुपारी बसवला. शाफ्टच्या निमुळत्या भागावर फिटरची निळी शाई अगदी पातळ लावायची, पंखा चढवून काढायचा आणि आत निळा डाग कुठे उमटला ते बघायचं. आमचा जवळजवळ सगळीकडे उमटला, खालच्या बाजूला एक बोटभर पट्टा सोडून. मग आणखी एक परीक्षा, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आधी चावी (पंखा शाफ्टवर निसटून फिरू नये म्हणून दोघांच्या खाचेत बसवायचा धातूचा तुकडा) न घालता पंखा पुरता वर ढकलायचा आणि तो कुठपर्यंत पोचला तिथे शाफ्टवर पेनाने खूण करायची. मग चावी बसवून पुन्हा ढकलायचा. खुणेपर्यंत पोचला नाही तर पंखा शंकूवर नाही, चावीवर टेकून बसला आहे, आणि असा पंखा कधीतरी शाफ्ट तोडतो. आमचा खुणेवर आला. नट, कॉटर पिन, नवा शाफ्ट अ‍ॅनोड आणि कपलिंगवरची ती राहून गेलेली पट्टी. सुटे भाग मिळून 38 पौंड. सर्व्हेअरचे 540 आणि यार्डाचे 390 बाजूला ठेवले तर पंख्याचा खर्च 470 पौंडांच्या आसपास झाला, त्या वेळच्या दराने पन्नास हजार रुपयांच्या जवळ.

बिल, अ‍ॅनोडसह पंख्याचा फोटो आणि मल्टिमीटरच्या आकड्याचा फोटो विमा कंपनीला पाठवला. त्यांना ‘जाणकार व्यक्तीने’ बसवल्याचं पत्रही हवं होतं. यार्डाच्या फिटरने येऊन तपासलं आणि दोन ओळी लिहून दिल्या. दहा-बारा दिवसांनी अहवालातली ती नोंद बंद झाल्याचं ईमेल आलं.

एप्रिलमध्ये बोट पाण्यात गेली. सोडल्याबरोबर शाफ्टच्या ग्लँडमधून, म्हणजे तो तळातून बाहेर पडतो तिथल्या सीलमधून, पाणी येत नाही ना ते बघितलं, मग थेट चाचणी. सपाट पाणी, टाक्या भरलेल्या, आणि एकाच पट्ट्यात जाऊन-येऊन दोन्ही दिशांचा जीपीएसवरचा वेग घेऊन सरासरी, म्हणजे प्रवाहाचा हिशोब कटतो. टॅकोमीटर मी पुलीवर धरला होता, नवरा थ्रॉटलवर होता. तो हळूहळू पुढे करत गेला: 2800, 3100, 3300. 3480 ला थांबलं. मी दोनदा बघितलं आणि ओरडूनच सांगितलं. धूर नाही, घरघर नाही, वेग 6 नॉट. 2600 ला, जिथे आम्ही आता बहुतेक वेळ चालवतो, पाच नॉट मिळतात आणि एकमेकांशी बोलता येतं. रिव्हर्समध्ये टाकल्यावर बोट आपल्या लांबीत थांबते. मागे जाताना बोटीची शेपटी डावीकडे ओढली जाते, उजव्या पंख्याचा तो स्वभावच आहे. त्यामुळे जमेल तेव्हा आम्ही डावी बाजू धक्क्याला लावतो आणि ती ओढ कामी येते.

दादाला आकडे कळवले. तो म्हणाला, “बरं झालं, आता इंजिन जगेल.” त्याच्या ट्रॉलरचा पंखा मोठा आणि सावकाश फिरणारा असतो, जाळं ओढायला. आमच्या बोटीवर तो चालणार नाही आणि आमचा त्याच्याकडे नाही.

माझे आकडे तसेच्या तसे उचलू नका. याच इंजिनाला 2.21 चा गिअरबॉक्स असेल तर शाफ्ट जास्त जोरात फिरतो आणि व्यास व पिच दोन्ही कमी येतात. 3.22 असेल तर उलट. गिअरबॉक्सची पट्टी, पाण्याच्या रेषेची लांबी, पूर्ण थ्रॉटलच्या खऱ्या फेऱ्या, तळापर्यंतची जागा आणि शाफ्टचं निमुळतेपण एका कागदावर लिहा आणि मगच विक्रेत्याला फोन करा. आम्ही सप्टेंबरमध्ये पुन्हा खडीवर बोट उभी करून नट आणि अ‍ॅनोड बघितले. अ‍ॅनोड या वेळी अर्धा झिजला होता, म्हणजे काम करतो आहे. दुसरा आणून ठेवला आहे.